खारूची खुर्ची

— नाही, आता बोलू नका. ओठ जड व्हायला लागलाय ना, मग बोलताना जीभ चावाल आणि तुम्हाला कळणारही नाही. नुसती मान हलवा. दुखलं तर डावा हात वर करा. डावा — उजवा माझ्या कोपराला लागतो. हां. तर मी काय म्हणत होतो, मी मुद्दाम ऐकलं नाही. हे पार्टिशन आहे ना, प्लायवुडचं आहे, बाहेर कुणी शिंकलं तरी आत मला कळतं कोण शिंकलं. तुम्ही फोनवर मुलाशी बोलत होतात, आवाज जरा चढला होता — चढणारच, दाढ ठणकत असताना कुणाचा आवाज खाली राहतो — आणि मी इथे ट्रे लावत होतो. फिजिक्स अर्ध्यात सोडून फिल्म डिझाइन, आता सिनेमाचे सेट रंगवणार का, असं म्हणालात. मग काहीतरी पुसटसं, आणि मग फोन बंद. तुम्ही ठेवलात की त्याने ठेवला? बरं, राहू दे. आ करा. मोठा. अजून थोडा.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीये. आणि सल्ला तर देतच नाही. दिवसभर सल्लेच देतो मी, गोड कमी खा, झोपताना ब्रश करा, आणि तीच माणसं सहा महिन्यांनी त्याच दाढा घेऊन परत येतात. आता हा ड्रिलचा आवाज येईल, आवाजच मोठा आहे, बाकी काही नाही. फिल्म डिझाइन. हा शब्द मीसुद्धा असाच अचानक ऐकला होता, म्हणून सांगतो. आमच्या मुलीच्या तोंडून. खारू म्हणतो आम्ही तिला — लहानपणी क्लिनिकमधून प्लास्टरचे तुकडे, तुटकी कवळी, सापडेल ते गोळा करून फ्रॉकच्या खिशात भरायची, म्हणून खारू. आता ती चांगली उंच झालीये, माझ्या कानापर्यंत येते, पण नाव तेच राहिलं. ती डेंटल कॉलेजला होती. दुसऱ्या वर्षाला. हो, माझ्यामुळेच — म्हणजे मी काही बळजबरी केली नव्हती. विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. सतरा वर्षांची मुलगी बापाला हो म्हणते त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं मला, आणि आता सांगून उपयोग नाही.

थुंका. इथे, या बाजूला. घाई नाही.

तुम्हाला गंमत सांगतो. पहिल्या वर्षी मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. पुस्तकात असतो तसा, सगळी टोकं जागच्या जागी, मापात. आम्हीही केलं, सगळेच करतात. खारूने काय करावं? तिने दाढ कोरली ती एका बाजूने झिजलेली. एक टोक पार सपाट, कडेला बारीक टवका, मुळाशी खळगा. सर म्हणाले, हे काय? ही म्हणाली, हे एक आजोबा आहेत, यांचे डावीकडचे दात पडलेत, म्हणून उजवीकडूनच चावतात, शिवाय घाईत असले की ब्रश दाबून घासतात. सर म्हणाले, पुस्तकातला दात पाहिजे. तर ही विचारते, सर, पुस्तकातला दात कुणाचा आहे? घ्या. नापास. म्हणजे त्या प्रॅक्टिकलला नापास. मला तिने घरी येऊन सांगितलं आणि दात दाखवला, आणि मी — मी काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं तोंडं बघतोय, मला तो माणूस दिसला. डोळ्यांपुढे आला, मफलरसकट. पण मी म्हटलं, सरांचं बरोबर आहे, आधी सरळ दात शीक. काय म्हणणार दुसरं? नियम तोच आहे. ती बरं म्हणाली आणि पुढच्या वेळी सरळ दात कोरून पास झाली. अगदी चांगल्या मार्कांनी. आणि तो झिजलेला दात बरेच दिवस आमच्या फ्रिजवर होता, उन्हाळ्यात वितळला.

— दुखलं? नाही ना? हात उगाच हलला, बरं. हलवा, हलवा, अवघडतो माणूस.

आता तुम्ही ज्या खुर्चीवर आहात ना, ती तिची. म्हणजे तिच्यासाठी घेतलेली. पलीकडे एक खोली आहे, स्टोअर होतं आमचं, ते रिकामं करून रंग दिला, पाण्याची लाइन टाकली, नवी खुर्ची मागवली. म्हटलं, ती शिकून येईपर्यंत सगळं तयार असावं. आता विचाराल इतक्या लवकर कशाला? खुर्चीवाला म्हणाला होता हे मॉडेल बंद होतंय. हे त्याने सांगितलेलं कारण झालं. माझं कारण वेगळं होतं, पण ते — थांबा हं. ताई, तो ट्रे राहू दे, जरा लाइट खाली घ्या. अजून. हां. तर खुर्ची आली त्या दिवशी खारू सुट्टीवर घरी होती. फिटर बोल्ट आवळत होता, खुर्चीवर प्लॅस्टिक तसंच, आणि मी हिला हौसेने दाखवतोय, बघ, पाठ किती सावकाश खाली जाते, पेशंटला झटका बसत नाही.  ती अगदी हळू म्हणाली, बाबा, ही मला नकोय. मला वाटलं रंग. म्हटलं, रंग बदलून देतील. तर म्हणाली, रंग नाही बाबा. मी दुसरीकडे अर्ज केलाय, फिल्म डिझाइनला. फिटर बिचारा पाना हातात धरून थांबला. त्याला कळेना आवळायचं की सोडायचं. माझ्याकडे बघतो, हिच्याकडे बघतो. मी म्हटलं, आवळा तुम्ही.

मग घरी व्हायचं ते झालं. आमच्या हिची रक्त तपासायची लॅब आहे, तिला जग सगळं काचेच्या पट्टीवर ठेवून बघायची सवय. ती म्हणाली, डिझाइन म्हणजे नक्की काय करणार? पडदे लावणार? खारू म्हणाली, आई, सिनेमात एखाद्याचं घर दिसतं, ते घर कुणीतरी बनवतं — कुठला कप, त्याचा कान फुटलाय की नाही, भिंतीला डोकं टेकून कोण बसतं आणि तिथला रंग कसा काळपट होतो, हे सगळं ठरवावं लागतं. आमची ही म्हणाली, कप फुटका ठेवायला पदवी लागते का? हसू नका, ड्रिल आहे तोंडात. मला खरं तर तेव्हाही हसू आलं होतं, पण हसायची सोय नव्हती. दोघी रडल्या. वेगवेगळ्या खोल्यांत. मी मधल्या पॅसेजमध्ये. मी नाही कुणाला ओरडलो. माझा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्राण नव्हतं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी भांडायला अंगात काहीतरी उरावं लागतं. सगळ्यांना वाटलं बाप समजूतदार आहे. ही अजून लोकांना सांगते, यांनी पटकन मान्य केलं. मान्य कसलं, मी बसून राहिलो आणि ते घडून गेलं.

तर गेली ती. आणि ही नवी खुर्ची प्लॅस्टिकमध्ये. किती दिवस बघणार? शेवटी मीच तिच्यावर काम सुरू केलं आणि माझी जुनी त्या रंग दिलेल्या खोलीत ठेवली.

आता बारीक सुया आत घालतोय, मुळापर्यंत, साफ करायला. थोडं खरवडल्यासारखं वाटेल. मान हलवू नका.

सुट्टीला यायची तर हातात कॅमेरा. आणि फोटो कशाचे? सिंकखालचा पाइप. दिव्याच्या बटणांभोवती बोटांचे डाग पडतात ते. दाराच्या मुठीचा पॉलिश उडालेला भाग. आमची ही इतकी चिडायची — म्हणायची, अख्खं घर मी चकचकीत ठेवते आणि कार्टी नेमका डाग शोधून त्याचा फोटो काढते, तिकडे वर्गात दाखवते, लोक म्हणतील हिच्या आईला घर आवरता येत नाही. खारू म्हणायची, आई, डाग म्हणजे घाण नाही गं, डाग म्हणजे कोण कुठे उभं राहतं ते. तिकडे ते हेच शिकतात. नवी वस्तू आणायची आणि ती वापरलेली दिसेपर्यंत तिला घासायची, चहाच्या पाण्यात बुडवायची. मी म्हटलं, इथे लोक माझ्याकडे येऊन दात नवे दिसावेत म्हणून हट्ट करतात आणि तू उलटं करतेस. ती हसली. तेवढं बोलणं आमचं जमायचं. तेवढंच.

मग शेवटच्या वर्षाला तिचा फोन आला. बाबा, तुमची जुनी खुर्ची मिळेल का? त्यांना एक छोटी फिल्म करायची असते, चार-पाच मुलं मिळून, कुणी दिग्दर्शक, कुणी कॅमेरा, सेटचं सगळं हिच्याकडे. म्हटलं, कशाला? म्हणाली, एका दातांच्या डॉक्टरची गोष्ट आहे. म्हटलं, घेऊन जा. तिने टेम्पो पाठवला. खुर्ची दोरीने बांधून, आडवी घालून नेली. मी दारात उभा होतो. कशाला उभा होतो कोण जाणे, पेशंट बसलेला होता आत.

शूटिंगच्या आधी म्हणाली, बघायला या. आईला नको, तिला नंतर पूर्ण फिल्म दाखवू, तुम्हीच या. गेलो. मोठी शेड, पत्र्याची. आत अंधार, सगळीकडे वायरी. आणि मधोमध एक लाकडी खोका, खोलीएवढा. बाहेरून नुसतं कच्चं प्लाय, मागे तिरके टेकू, खडूने आकडे घातलेले. म्हटलं, हे काय, एवढ्यासाठी डेंटल सोडलं? तिने दार उघडलं आणि म्हणाली, या. आणि मी आत गेलो तर — माझं क्लिनिक. हे नाही, हे आताचं नाही, आधीचं, ती लहान होती तेव्हाचं. तो फिकट हिरवा रंग. खुर्चीच्या उजव्या अंगाला फरशी गुळगुळीत झालेली, कारण मी तिथे उभा राहतो, बघा, आत्ताही तिथेच आहे. लाइटचं हँडल पांढरं पडलेलं. खुर्ची माझीच, पण तिने खुर्चीच्या हातांवर नवं रेक्झिन लावून ते पुन्हा फाडलं होतं, आतल्या बाजूने, जिथे पेशंटची नखं रुततात. म्हटलं, हे इतकं फाटलेलं नव्हतं. ती म्हणाली, होतं बाबा, तुम्ही वरून टॉवेल टाकायचात. आणि खरंच की टाकायचो. मी सगळा जन्म लोकांच्या तोंडात बघितलं, त्यांचे हात कुठे असतात ते बघितलंच नाही कधी. फक्त वास नव्हता. लवंगेच्या तेलाचा वास असतो ना, तो नव्हता. नाक वाट बघत राहिलं. त्यामुळे जरा बरं वाटलं, की नाही, हे खोटं आहे.

थुंका. सावकाश. पाणी घ्या, तोंडातून सांडलं तर सांडू द्या, ओठ बधिर आहे, सगळ्यांचं सांडतं.

मग त्यांची तालीम सुरू झाली. डॉक्टर म्हणून एक नट होता, माझ्याच वयाचा, जरा जास्त देखणा. मला कोपऱ्यात स्टूल दिलं. त्याने शेवटच्या पेशंटला दारापर्यंत पोचवलं, हसून, काळजी घ्या वगैरे. दार लावलं. खुर्चीवरचा लाइट बंद केला. आणि मग तो येऊन पेशंटच्या खुर्चीवर आडवा झाला. हातमोजे न काढता. डोळे उघडेच. छताकडे बघत. काही केलं नाही त्याने, रडला नाही, उसासा नाही, काही नाही. नुसता पडून. बराच वेळ.  मग उठला, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघून गाल जरा वर ओढले, असे — आणि दार उघडून म्हणाला, चला, निघायचं ना घरी? अगदी माझा आवाज. माझा सुट्टीच्या दिवसासारखा आवाज.

ते मी करायचो. रोज. कुणाला माहीत नव्हतं. मदतीला असतात त्या या ताईंनाही नव्हतं, त्या त्याआधी निघायच्या. मी खारूला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाली, शाळेतून आले की मी बाहेर बाकावर बसायचे ना बाबा, तुमची वाट बघत. दाराच्या काचेवरचा पांढरा रंग एका कोपऱ्यात पुसला गेला होता. तिथून दिसायचं. आधी मला वाटायचं, तुमचेही दात दुखत असतील आणि तुम्ही डॉक्टरची वाट बघताय, आणि डॉक्टर येतच नाही. नंतर मोठी झाल्यावर कळलं. म्हटलं, काय कळलं? तर — तिने असं माझ्या शर्टाचं बटण नीट केलं, सरळच होतं ते — म्हणाली, बाबा, मला दातांचा कंटाळा नव्हता. दात आवडायचे मला. मला फक्त ते मधलं नको होतं. दार लावल्यापासून दार उघडेपर्यंतचं.

तुम्ही काय म्हणाला असतात? मी म्हटलं, लाइटचं हँडल उजवीकडे पाहिजे, तू डावीकडे लावलंयस. ती म्हणाली, कॅमेऱ्यासाठी बाबा. म्हटलं, अच्छा. आणि घरी आलो.

एक एक्स-रे घेऊ. हे चावून धरा. श्वास नाकाने. — हां, सोडा. छान झालंय, तळापर्यंत गेलोय. आता भरून घेतो.

पुढे ती फिल्म पूर्ण झाली, कॉलेजने दाखवली, आम्ही दोघं गेलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.  परत येताना गाडीत आमची ही म्हणाली, तुम्ही खरंच असे पडून राहायचात? मी म्हटलं, छे, सिनेमा आहे तो, वाढवून दाखवतात. ती म्हणाली, तरी म्हटलं. आणि मग सगळा रस्ता माझ्याकडे बघत होती. तिला पटलं नाही ते मला कळलं, मला कळलं ते तिला कळलं, आणि आम्ही येताना भाजी घेतली.

आता खारू काम करते. हो, मिळालं काम. कलादिग्दर्शकाच्या हाताखाली. तुमच्या मुलाला वाटत असेल तिथे सगळं स्वप्नासारखं असतं, तर तसं काही नाही, हे त्याला जरूर सांगा. उन्हात उभं राहायचं, रंगाने हात फुटतात, आठवडाभर खपून भिंत उभी करायची आणि दिग्दर्शक म्हणणार ही भिंत दिसतच नाही फ्रेममध्ये, काढा. चार दिवसांत सगळा सेट मोडून टाकतात, फळ्या एकीकडे, खिळे एकीकडे. फोन करते तेव्हा आवाज असा ओढलेला असतो. मी विचारतो, दमलीस का गं? ती म्हणते, हो बाबा, खूप दमले. आज तर मधेच एका कोपऱ्यात बसून रडले, मग डबा खाल्ला. असं सांगते. सरळ सांगते. मी फोन धरून ऐकतो आणि मला काय वाटतं माहितीये? तिची काळजी वाटते, ती वाटतेच, पण त्याखाली — हेवा वाटतो. पोटच्या मुलीचा. ती पण दमते, मी पण दमलो, दोघांची कंबर सारखीच दुखते. पण तिला विचारलं की ती हो म्हणते. माझ्या तोंडून हा शब्द कधी निघालाच नाही. आणि गंमत म्हणजे मला कुणी विचारलंही नाही, असं नाही. आमची ही रोज विचारायची. मी म्हणायचो, छे, बसूनच तर असतो. अहो, मी दिवसभर उभा असतो.

तुम्हाला तुमच्या मुलाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तो काय करेल, टिकेल का, मला काय माहीत. माझी टिकली, दुसऱ्या कुणाची नसेल टिकली. त्याला काय आवडतं हे तुम्ही विचारलं असेलच. त्याला तुमच्याकडे बघून काय नको वाटतं, ते — ते मात्र विचारताना जरा बसून विचारा. उभ्याने झेपत नाही ते.

झालं. तात्पुरतं सिमेंट आहे, आज या बाजूने काही चावू नका. पंधरा दिवसांनी कॅपसाठी या. तेव्हा मी नसेन. एक डॉक्टर बाई असतील, तरुण आहेत, हात हलका आहे त्यांचा, मी बघितलाय. नाही, कुठे जात नाहीये. आजारीही नाही, तसं बघू नका. बंद करतोय. माझ्यापुरतं. त्यांच्याशी सगळं ठरलंय, पुढच्या सोमवारपासून त्या बसतील. घरी अजून बोललो नाहीये. खारूलाही नाही. सांगायचं एवढंच आहे की दमलो म्हणून थांबतोय. रोज जेवताना ओठांवर येतं आणि मी म्हणतो, आमटी वाढ. तुम्हाला कसं सांगून टाकलं कोण जाणे. तुमच्या तोंडात कापूस होता म्हणून असेल.

नाही, नका बोलू. अजून तासभर तरी जीभ जागेवर येणार नाही, आणि काही बोलावं असं त्यात नाहीये. हा कापूस दाबून धरा. उठताना सावकाश, चक्कर येते कधीकधी. ताई, यांची फाइल घ्या, आणि पुढच्यांना आत पाठवा.